तिखट विचारता, तसं मीठही विचारा

नागपूरचा माझा कॉलेजमधला मित्र सप्टेंबरअखेर साताऱ्यात आला, तब्बल अकरा वर्षांनी. कासची फुलं पाहायची, अजिंक्यताऱ्यावर जायचं आणि मग सांगलीला त्याच्या मावशीकडे, असा चार दिवसांचा बेत होता. दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. हृदयाची ताकद थोडी कमी झाली आहे, गोळ्या चालू आहेत. हे मला ठाऊक होतं. तरीही पहिल्या संध्याकाळी मीच म्हणालो, "अरे, साताऱ्यातही आता पुण्याच्या तोडीची हॉटेलं झालीत. चल, दाखवतो."

झालीत हे खरंच. महामार्गालगत, गच्चीवर, बांबूच्या कमानी, पिवळे दिवे, भिंतीवर चित्रं, वर मोठ्याने गाणी. आपल्या गावात असं काही उभं राहिलं की पाहुण्याला दाखवायचा मोह होतोच. पहिल्या रात्री मसाला पापड, सूप, क्रिस्पी कॉर्न, पनीरची भाजी आणि चीज नान. दुसऱ्या रात्री दुसरं हॉटेल, साधारण तोच क्रम. तिसऱ्या दिवशी कराडमार्गे सांगली गाठली. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहिला आणि रात्री विश्रामबागेतल्या एका नव्या हॉटेलात मटण थाळी. वाटी रिकामी झाली की वाढपी पुन्हा रस्सा ओतत होता आणि मी "घे रे, इथवर आलास" म्हणत होतो.

मित्र बेफिकीर नव्हता. प्रत्येक ठिकाणी त्याने "तेल कमी घाला" असं सांगितलं, गोडाला हात लावला नाही. आम्ही दोघंही तेल आणि साखर यांच्यावर पहारा देत बसलो.

चौथ्या पहाटे तो उठून बसलेला दिसला. आडवं झालं की दम लागतो म्हणाला. मोज्याचा वळ पायावर खोल उमटला होता. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर वजन केलं तर घरून निघताना होतं त्यापेक्षा अडीच किलो जास्त. डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, "तीन दिवस बाहेरचं जेवताय का?" लघवीची गोळी काही दिवस वाढवली, वेळेत आलात म्हणाले, आणि तो नीट घरी पोचला. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

तीन दिवसांत अडीच किलो चरबी वाढत नाही. ते पाणी होतं. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरातल्या द्रवाचा खारटपणा साधारण तेवढाच. म्हणजे ९ ग्रॅम जादा मीठ शरीरात अडकलं, तर ते जवळपास एक लिटर पाणी धरून ठेवतं. निरोगी मूत्रपिंड हे मीठ एक-दोन दिवसांत बाहेर टाकतं. हृदय दुबळं असेल किंवा मूत्रपिंड थकलेलं असेल, तर ते साचत जातं आणि आधी पायावर, मग फुप्फुसात दिसतं. म्हणूनच अशा रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरणार नाही इतकं, मीठ खावं. देशपातळीवरच्या पाहणीत भारतीयांचं सरासरी प्रमाण ८ ग्रॅमच्या आसपास आढळलं. घरही निर्दोष नाही. आपलं लोणचं, ठेचा, पापड आणि सांगलीचं भडंग मिठावरच उभं आहे. पण घरी मिठाचा डबा आपल्या हातात असतो. हॉटेलात तो दिसतही नाही. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ. चीज, खारवलेलं लोणी, सूपची पावडर, पापडातला खार, नानमधला सोडा या सगळ्यांतून सोडियम येतं. मेन्यूवर कौतुकाने छापलेलं हिमालयातलं गुलाबी मीठही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. त्यात भर गोंगाटाची. मोठ्या आवाजात माणसाला खारट आणि गोड चव कमी जाणवते, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळलं होतं. ज्या ताटात मीठ जास्त, तिथेच ते ओळखणं अवघड.

सांगलीच्या त्या हॉटेलात वाढप्याने आल्या आल्या विचारलं होतं, "साहेब, तिखट कसं करू? मध्यम की झणझणीत?" तिखटाचा प्रश्न आपल्याकडे शिष्टाचार आहे. मिठाचा प्रश्न कुणी विचारत नाही. साताऱ्यात मी नंतर एकदा मुद्दाम विचारून पाहिलं. "मीठ कमी होईल का?" उत्तर प्रामाणिक होतं, "ग्रेव्ही सकाळीच तयार असते, साहेब. त्यात मीठ पडलेलं असतं."

पाकिटबंद पदार्थावर सोडियमचं प्रमाण छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. हॉटेलांसाठी २०२२ पासून मेन्यूवर उष्मांक लिहिण्याचा नियम लागू झाला, तोही केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनाच. सातारा-सांगलीतलं गच्चीवरचं एका शाखेचं हॉटेल या नियमात येत नाही, आणि मेन्यूवर मिठाचा आकडा छापण्याची सक्ती तर त्यात नाहीच. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये मोठ्या साखळी हॉटेलांना सक्ती केली. ज्या पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम, म्हणजे पावणेसहा ग्रॅमच्या आसपास मीठ असेल, त्याच्यापुढे मीठदाणीचं चिन्ह छापायचं. एका पदार्थात दिवसभराचं मीठ आहे, एवढंच ते चिन्ह सांगतं. ते पाहून खायचं की नाही, हे खाणाऱ्याने ठरवावं.

आपल्याकडच्या छोट्या हॉटेलवाल्याने प्रयोगशाळा गाठावी, असं माझं म्हणणं नाही. त्याने तीन गोष्टी कराव्यात. तयार ग्रेव्ही आणि सॉसचे पदार्थ मेन्यूत वेगळे दाखवावेत. चार-पाच पदार्थ तरी कमी मिठात, मागणीनुसार करून द्यावेत. आणि तिखट विचारताना मीठही विचारावं. चव जाईल ही भीती खोटी नाही, पण टेबलावर मीठदाणी असतेच. कमी पडलेलं मीठ वरून घेता येतं, ताटात पडलेलं काढता येत नाही. हॉटेलमालकांच्या संघटनांनी हे आपणहून केलं तर उत्तम. नाही तर अन्न सुरक्षेचा नियम एका शाखेच्या हॉटेलापर्यंत आणि मिठापर्यंत न्यायलाच हवा. आपल्या घरोघरी रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. हा प्रश्न एकट्या माझ्या मित्राचा नाही.

यजमान म्हणून माझ्याही वाट्याला काही येतं. "मग घरीच जेवावं" हे उत्तर मला पटत नाही. अकरा वर्षांनी आलेल्या मित्राला बाहेर नेण्यात आनंद आहे, आणि आजारी माणसालाही तो हवा असतो. पण सलग तीन रात्री नको. सूप आणि पापड वगळावा, ग्रेव्ही एक मागवून वाटून घ्यावी, सोबत साधी भाकरी, साधा भात, बिनमिठाचं दही घ्यावं. रस्सा दुसऱ्यांदा आला तर वाटीवर हात ठेवणाऱ्याला आग्रह करू नये. आणि गोळ्या घेणारा पाहुणा उतरल्यावर "तुला मिठाचं काय सांगितलंय?" हा प्रश्न चहाच्या आधी विचारावा.

मित्र पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. वहिनींनी फोनवर एवढंच बजावलं, "भावजी, हॉटेलात न्या हवं तर. पण या वेळी आधी विचारून न्या."