खर्ची मिळते, हिशेब बुडतो

कोपरखैरण्यात नव्या इमारतीच्या स्लॅबवर पाट्या वाहणाऱ्या परप्रांतीय बिगाऱ्याच्या हातात दर आठवड्याला पगार नव्हे, खर्ची पडते. डाळ-तांदूळ आणि मोबाइलचा रिचार्ज भागेल एवढी. उरलेला हिशेब गावी जाताना. नेमका तेव्हाच ठेकेदाराचा फोन बंद लागतो.

कायदा या माणसाच्या बाजूने नाही, असे मुळीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार बुडालेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो; जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती. पैसे दिले, हे मालकानेच सिद्ध करायचे. ठेकेदाराने हात वर केले, तर मूळ मालकाने भरायचे. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे ही वेठच, असे सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ सालीच सांगितले आहे.

पण दावा चालेपर्यंत खोलीचे भाडे कोण भरणार? आणि ठेकेदाराचे नाव ‘सेठ’ यापलीकडे ठाऊकच नसेल, तर अर्जात लिहायचे काय?

उत्तर याच कोपरखैरण्यात राहते. इथल्या माथाडींच्या, म्हणजे हमालांच्या, वसाहतींतली कितीतरी कुटुंबे साताऱ्याकडून आलेली; तीही एकेकाळी स्थलांतरितच. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला आणि मजुरीची वाटच बदलली. मालक मजुरी आणि वर लेव्ही (अधिभार) माथाडी मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देते. लेव्ही थकवणारे मालक तिथेही आहेत, हे खरे. पण वसुलीसाठी मंडळ मागे लागते, एकटा हमाल नव्हे.

बांधकाम कामगारांचेही मंडळ आहे. ते भांड्यांचा संच देते, सुरक्षा पेटी देते. नोंदणीला मात्र ९० दिवस काम केल्याचा दाखला मागते. मजुरी काही तिथून जात नाही. ती माथाडींप्रमाणे मंडळातूनच गेली पाहिजे.

तोवर मजुराने हजेरीची वही, मुकादमाचे मेसेज, फोनवर आलेल्या खर्चीच्या नोंदी आणि बिल्डरचे नाव असलेल्या फलकाचा फोटो जपून ठेवावा. गावच्या गाडीत बसण्याआधी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तो नोंदणीकृत कामगार संघटनेचा सभासद असेल, तर त्याच्या वतीने संघटनाही दावा दाखल करू शकते.