पट्टीची रेघ आणि दैत्यसूदन

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची पट्टी-गुण्याने काढलेली चित्रे पाहून आमच्या जिल्ह्यातल्या एका चित्रकारांनी निकाल दिला: पट्टी हाती घेतली की कला संपली, उरतो तो नकाशा. शिवाय फोटो असताना ही मेहनत कशाला? आणि याने मुलांचे हात आखडतात.

रेघ सरळ झाली की तिच्यातला जीव जातो, हे कुणी ठरवले? चीनमधला ‘ज्येहुआ’ हा चित्रप्रकार हजार वर्षांहून जुना. रेशमावर पट्टी धरायची, तिच्या आधाराने कुंचला ओढायचा, आणि वाडे, पूल, मनोरे, नावा उभ्या करायच्या. दहाव्या शतकातला ग्वो चुंगशू यात अग्रगण्य; त्याच्या मनोऱ्यांच्या चोख प्रमाणाची जुन्या जाणकारांनी वाखाणणी केली आहे. याच माणसाची एक कथा सांगतात. एका श्रीमंताने त्याच्यापुढे लांबलचक रेशीम ठेवले. याने एका टोकाला चक्री धरलेला पोर काढला, दुसऱ्या टोकाला पतंग, आणि मध्ये नुसता दोरा! पट्टीने हात मेलेल्या माणसाला हे सुचेल? चांग त्सेत्वानचा बाराव्या शतकातला, सव्वापाच मीटरांहून लांब नदीपट पाहा. कमानी पुलाखाली शिरताना नावेची डोलकाठी खाली घेण्यासाठी खलाशांची धांदल उडाली आहे, पुलावरचे लोक ओरडताहेत. पूल आणि नाव दोन्ही मापात आहेत, म्हणूनच ती आता आदळणार अशी धास्ती वाटते. पूल ढिसाळ असता तर कसली धास्ती? तिथल्या पंडित चित्रकारांनीही या प्रकाराला कारागिरी म्हणून हिणवले होते. म्हणजे आमच्या टीकाकारांचे मत नवेसुद्धा नाही.

फोटो एका जागेवरून दिसेल तेवढेच दाखवतो. आणि आखडतो तो न वापरलेला हात.

हाच वाद चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या भूमितीवरून कैकदा ऐकला आहे. ‘चित्रकाराला भूमिती कशाला?’ म्हणणाऱ्यांच्याच स्थिरचित्रांत तांब्याचे तोंड एकीकडे आणि बूड दुसरीकडे कललेले असे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दैत्यसूदनाचा तलविन्यास ताऱ्यासारखा आहे. भिंत कोन करून बाहेर येते, आत वळते, आणि दगडाचे आडवे थर तिच्याबरोबर प्रत्येक कोपऱ्याला वळसा घालतात. घाईने मोकळ्या हाताने रेखाटले तर देवळाचा भास मिळतो, देऊळ निसटते. पट्टी लावली की कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून पाहावे लागते, आणि बांधणाऱ्याने काय विचार केला ते उमगू लागते. हे पाहणे म्हणजेच चित्रकला.

लोणारचे देऊळ आहे, सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक चित्रकलेच्या विद्यार्थ्याने यांतली एक वास्तू मोजून, पट्टीने काढावी. पुढे पट्टी ठेवायची की टाकायची, हे त्याचे त्याने ठरवावे. ते ठरवण्याचा अधिकार या कामातूनच मिळतो.