पाटी सर्वांसाठी, दार कोणासाठी?

दरवर्षी २१ जूनला मैदाने भरतात, सतरंज्या अंथरल्या जातात, पुढारी पहिल्या रांगेत बसून फोटो काढून घेतात आणि २२ जूनला सारे सामसूम होते. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा योग दिन जाहीर केला आणि २०१५ पासून तो पाळला जातो. त्या सोहळ्याशी आज आम्हाला कर्तव्य नाही. आम्हाला बोलायचे आहे ते उरलेल्या दिवसांबद्दल. शहरांत आज गल्लोगल्ली योगवर्ग निघाले आहेत. 'सर्वांसाठी खुला', 'नवशिक्यांचे स्वागत' अशा पाट्या त्यांच्या दारावर झळकतात. या 'सर्वां'मध्ये आपली वस्ती आहे काय, हा आमचा सवाल आहे.

आपल्यापैकी अनेकांचे उत्तर ठरलेले असते : योग त्यांचा, आपला नव्हे. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आज वर्गांत शिकवला जाणारा योग कोणा एका जातीला ताम्रपटावर लिहून दिलेला नाही. त्याचे आजचे रूप गेल्या शंभर वर्षांत आणि बरेचसे याच महाराष्ट्रात घडले. १९१८ मध्ये श्री योगेंद्र यांनी मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढून संसारी माणसांना योग शिकवायला सुरुवात केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसने प्रयोगशाळेच्या कसोटीला लावली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे बालपण आजारपणात गेले होते. ते १९३७ मध्ये पुण्यात आले आणि १९७५ मध्ये तेथे त्यांची संस्था उभी राहिली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची यांचा आधार देऊन त्यांनी वृद्धांना आणि आजाऱ्यांनाही आसने शिकवली. म्हणजे आसनाच्या मापाने माणूस वाकवायचा नाही, माणसाच्या मापाने आसन बेतायचे. ही रीत आपण का टाकून द्यावी?

शिवाय श्वासाकडे आणि शरीराकडे सजगपणे पाहणे आपल्याला परके नाही. सतिपठ्ठान सुत्तात तथागतांनी श्वास आत येतो, बाहेर जातो, हे जाणायला सांगितले आहे. चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे यांचेही भान ठेवायला सांगितले आहे. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करू लागला, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी सूर नाही. पहिल्याच दिवशी शीर्षासन करायला लावून नवख्याची मान मोडू पाहणाऱ्या शिक्षकांनी हा दाखला भिंतीवर लिहून ठेवावा.

तेव्हा अडचण योगाची नाही, दाराची आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर जाईपर्यंत ते 'खुलेपण' कागदावरच होते. पाण्याचा हक्क आणि योगवर्ग यांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. पण पाटी लावल्याने दार उघडत नाही, हा धडा दोन्हीकडे लागू आहे.

दार कुठे अडते ते पाहा. वर्ग सकाळी सहाला. त्या वेळी आपली सफाई कामगार भगिनी हातात झाडू घेऊन रस्त्यावर असते. घरकाम करणारी आई चार घरची भांडी घासायला निघालेली असते. फी महिन्याची, मजुरी रोजची. वर्ग सुरू होतो देवाच्या प्रार्थनेने. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तेथे ओठ हलवायचे की मागच्या मागे निघून जायचे? व्यायामासाठी श्रद्धेचा दाखला मागणारा वर्ग सर्वांसाठी नसतो. कोणी जात विचारत नाही हे खरे. पण वेळ, पैसा आणि प्रार्थना या तीन प्रश्नांतच निम्मी वस्ती गळून जाते.

मग कोणी बोलावील म्हणून वाट का पाहायची? आपली विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. रविवारची वंदना आटोपली की त्यातली कित्येक आठवडाभर कुलूपबंद असतात. तेथे संध्याकाळी आठला वर्ग का चालू नये? चार सतरंज्या, चार खुर्च्या आणि एक रिकामी भिंत एवढ्यावर आरंभ होतो. आपल्यातलीच शिकलेली मुले-मुली रीतसर प्रशिक्षण घेऊन शिक्षक होऊ शकतात. ज्याचे गुडघे दुखतात त्याने खुर्चीवर बसून करावे, तरुणाने जमिनीवर करावे, साठीच्या आजीने नुसता श्वास पाहावा. कोणी कोणाला हसू नये, एवढा एकच नियम.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या योगाच्या भरवशावर कोणी बंद करू नयेत. बाळंतीण, हृदयरोगी आणि ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि योग हा हक्काला पर्याय नव्हे. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरी माणसे गटारात उतरवली जातात आणि मरतात. त्या मरणाला प्राणायामाचे उत्तर देऊ पाहणाऱ्याला आम्ही जाब विचारू. यंत्रे, हातमोजे, रजा आणि दवाखाना हे मागावेच लागेल.

पण मागणारा माणूस ताठ उभा राहायला हवा. बाबासाहेबांची अखेरची वर्षे मधुमेहाशी आणि पायांच्या दुखण्याशी झगडण्यात गेली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. त्यांच्या अनुयायांनी चाळिशीतच कंबर धरून बसू नये. विहार समित्यांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि संध्याकाळी विहाराचे कुलूप काढावे.