‘स्पर्न’ म्हणजे नुसतें नाकारणें नव्हे

भाषांतराच्या तासाला आपल्या विद्यार्थ्यांत एक चाल पडून गेली आहे. इंग्रजींत ‘रिफ्यूज’ येवो, ‘डिक्लाइन’ येवो कीं ‘स्पर्न’ येवो, मराठींत त्याचें ‘नाकारणें’ ठरलेलें! पहिल्या दोहोंच्या बाबतींत हें एक वेळ खपेल; ‘स्पर्न’च्या बाबतींत मात्र मुळींच खपूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा शब्द लॅटिनमधून उसना आणलेला नाहीं. तो जुन्या इंग्रजीचा घरचाच आहे. पायानें ठोकरणें, लाथाडणें हा त्याचा मूळ अर्थ. घोडेस्वार टांचेस जी टोंचणी लावितात, ती ‘स्पर’ही त्याच कुळांतली. लॅटिनमधील ‘स्पेर्नेरे’, म्हणजे तुच्छ लेखणें, हा त्याचा भाऊबंद; आणि वाचकांस नवल वाटेल, परंतु संस्कृतांतील ‘स्फुर्’ हा धातुही भाषाशास्त्रज्ञ याच घराण्यांत धरितात. झटक्यासरशीं हालणें, उसळणें असा त्या धातूचा अर्थ आहे. एकाच मुळापासून आम्हांस ‘स्फूर्ति’ मिळाली आणि इंग्रजांस लाथ, हा योग मोठा मौजेचा खरा!

पुढें या शब्दांतील पाय दिसेनासा झाला व तिरस्कार तेवढा उरला. शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकांत मात्र दोन्ही एकत्र आढळतात. अँटोनिओ कर्ज मागावयास येतो, तेव्हां त्यानें आपणांस परक्या कुत्र्याप्रमाणें उंबरठ्यावरून लाथाडल्याचें शायलॉक बोलून दाखवितो. तेथें शब्द ‘स्पर्न’ हाच आहे. त्याचें मराठी ‘नाकारलें’ असें केलें, कीं त्या मनुष्याचें गाऱ्हाणेंच नाहींसें होतें. मग एक पौंड मांसाची अट घालण्याइतका संताप त्याच्या ठायीं कोठून आला, हें मुलांस कसें उमगावें? ‘लाथाडणें’ हा शब्द अशिष्ट म्हणून कांहीं जण तो टाळतात. परंतु तें कृत्यच अशिष्ट आहे, त्यास शब्दानें काय करावें!

आपल्या भाषेंत अशा शब्दांची वाण नाहीं. झिडकारणें आहे, धुडकावणें आहे. चालून आलेली लक्ष्मी कोणी ‘नाकारीत’ नाहीं, लाथाडतो. उलट, ‘पत्रिका जुळत नाहीं’ असें नम्रपणें कळविणारा वरपिता ‘डिक्लाइन’ करितो; त्या शब्दाच्या मुळाशीं बाजूस कलणें आहे, आणि तोही मान किंचित् वळवून बाजूस होतो. मुलीच्या रंगावरून चार माणसांत बोलून उठून जाणारा करितो तें ‘स्पर्न’. नकार दोघांचाही, परंतु दुसऱ्याचा त्या मुलीस जन्मभर आठवतो.