मोजणी रोपांची की मातीची?

परभणी जिल्ह्यात कोळसा नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि वर कापसाची काळी माती. मग खाणीच्या ढिगांवरचा अंक परभणीहून कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्तच. पण शेजारी परळीच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा कुठली तरी जमीन उलथूनच येतो. शिवाय जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून जायचा आहे. भरावाला मुरूम लागणार आणि खदानी वाढणार. विदर्भातल्या खाणींनी जे धडे महागात घेतले, ते आपल्याला वाचून घेता येतील.

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. कोळशापर्यंत पोचताना जमिनीचा क्रमच उलटा होतो. वरची काळी माती वेगळी काढून ठेवली नाही तर ती उपशाच्या ढिगाच्या तळाशी गाडली जाते आणि खोलवरचा खडक माथ्यावर येतो. अशा ढिगावरची मूठभर ‘माती’ हातात घेतली तर तिच्यात वालुकाश्माचा भुगा असतो, शेलचे काळे पापुद्रे असतात, मधेच चिकणमातीचा गोळा लागतो. पहिल्या पावसात ही चिकण वर पसरते आणि सुकून पापडी धरते. पुढचं पाणी मग आत मुरत नाही, उतारावर घळी पाडत खाली जातं. शेलमध्ये पायराइट असेल तर हवापाण्याशी गाठ पडून आम्ल तयार होतं. कोळशाचा चुरा जास्त असेल तर ढीग आतून धुमसतो. नत्र नावापुरतं आणि मुळांना साथ देणारे जिवाणू-बुरशी जवळजवळ नाहीतच.

यावर पर्यावरण मंजुरीच्या पत्रांत नेहमी दिसणाऱ्या अटी दोन: ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको, आणि हेक्टरी सुमारे २५०० झाडं हवीत. पहिली अट शहाणपणाची आहे. दुसरीबद्दल आमची तक्रार आहे. बाहेरून माती आणि शेणखत आणून खड्डा भरला की रोप दोन-तीन वर्षं छान दिसतं, कारण ते ढिगावर वाढतच नसतं, खड्ड्यात वाढत असतं. मूळ खड्ड्याच्या भिंतीला टेकलं की वाढ थांबते. तोवर पाहणी होऊन गेलेली असते. राज्याच्या ३३ कोटी वृक्षलागवडीत मुरमाड माळावर खड्डे घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. आशा जुवारकर आणि हेमलता जांभुळकर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगावर हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रक्रियेचा गाळ घातला आणि त्याला रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, मायकोरायझा यांची जोड दिली. ढिगात आधी जवळपास नसलेले हे जीव वाढले. गाळ अल्कधर्मी होता, सामू आठच्या वर. त्यामुळे जड धातू जागच्या जागी बांधले गेले. याच संस्थेने मॅंगनीज खाणींच्या ढिगांवर साखर कारखान्यातलं प्रेसमडही वापरलं आहे.

मात्र ही कृती डोळे मिटून इकडे उतरवू नये. आपला मुरूम बहुधा चुनखडीयुक्त, सामू आधीच चढा. इथे आम्ल मारायचं नाही, सेंद्रिय पदार्थ आणि बारीक कण भरून काढायचे आहेत. त्यासाठी प्रेसमड बरं. ऊसपट्ट्यात ते मिळतं. फक्त ताजं टाकू नका. ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं जाळतं.

आणि झाडाआधी गवत. झरियाच्या कोळसापट्ट्यात भारत कोकिंग कोलने पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली देशी गवतं आणि झुडपं घेऊन काम केलं. सर्वोच्च न्यायालयानेही ८ जानेवारी २०२० च्या आदेशात खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्याची अट भाडेपट्ट्यात घालायला सरकारला सांगितलं, जनावरांच्या चाऱ्यासाठी. तंतुमुळांचं जाळं पापडी फोडतं आणि घळ थोपवतं. दरवर्षी मरून कुजणारी मुळं मातीला खायला घालतात.

नुसतं हिरवं दिसणं मात्र पुरेसं नाही. चंद्रपुरात औष्णिक केंद्र आणि दुर्गापूरच्या खाणीभोवती वेडी बाभूळ आणि झुडपं आपोआप माजली. त्यांच्या आडोशाला वाघ-बिबटे वस्तीच्या दाराशी आले, माणसं मेली. उपग्रहाच्या चित्रात तो भाग हिरवाच दिसतो.

म्हणून खदानीच्या कामात उतरणाऱ्या वाचकांनी परवान्याच्या टप्प्यालाच दोन गोष्टींचा आग्रह धरावा. वरची काळी माती वेगळी काढून बुटक्या ढिगात ठेवायची आणि त्यावर लगेच ताग किंवा धैंचा पेरायचा. उंच ढिगात आतली माती श्वास कोंडून मरते. आणि तपासणीच्या तक्त्यात जिवंत रोपांच्या रकान्याशेजारी सेंद्रिय कर्बाचा रकाना हवा. परभणीच्या कृषी विद्यापीठात माती तपासायची सोय आहे; खर्च रोपांच्या मानाने किरकोळ.

बियाण्याची अडचण खरी आहे. सुबाभळीचं बी हवं तेवढं मिळतं, पवन्या आणि डोंगरी गवताचं बाजारात शोधावं लागतं. जिंतूरकडच्या डोंगरांवर ही गवतं असलेल्या जागा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी कापणीपूर्वी, दिवाळीच्या सुमारास, बी झाडून ठेवावं. ताजं बी लगेच उगवत नाही, पुढच्या मृगापर्यंत कोरड्या जागी पोत्यात राहू द्यावं. कोणाकडे किती आहे ते कळवलंत तर यादी मेच्या अंकात छापू.