सोनेगावच्या मातीचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव दारूगोळा भांडाराच्या सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन ६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक रोजंदारीवर राबणारे मजूर होते. मृतांची गणना निदान झाली. मातीची कोण करणार? टीएनटी बहुतांशी मातीला धरून राहते, आरडीएक्स मात्र पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात उतरते. अमेरिकेत केप कॉडच्या लष्करी सरावक्षेत्राखालील पाण्यात ते आढळल्यावर १९९७ मध्ये तेथील गोळीबार थांबवावा लागला. विल्हेवाटीचा हा खर्च सरकारी जमाखर्चात दिसत नाही. तो शेजारच्या विहिरीच्या माथी येऊ शकतो. साठ्याचे आकडे गुप्त राहोत. पिण्याच्या पाण्याबाबत गुप्ततेची सबब चालणार नाही. मैदानाची माती व भोवतालच्या विहिरी यांची स्वतंत्र तपासणी करून अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.