रिव्हर टच!

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, जुलैत चार दिवस गळ टाकायला येतोय. कर्जतजवळ पेज नदीच्या काठी बंगला बघितलाय, अगदी रिव्हर टच! व्हरांड्यातूनच गळ टाकायचा." सोबत दोन लहान पोरं. फोनवर वाद नको म्हणून गप्प बसलो. पण तो हा ब्लॉग वाचतो, तेव्हा इथेच लिहितो.

आधी पाण्याचं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की इकडे उघडीप असली तरी नदी फुगते. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून ठेवली होती. तिथे व्हरांड्याची काय कथा! पेज तर उन्हाळ्यातही वाहते, कारण १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरी वीजगृहातून सुटणारं पाणी तिला मिळतं. पाणी सुटलं की पातळी वाढते. हे गावकऱ्याला ठाऊक असतं, शनिवारी आलेल्या पाहुण्याला नाही.

दुसरं माशांचं. पाऊस सुरू झाला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. आम्ही त्याला वलगण म्हणतो. घरच्या कालवणासाठी दोन मासे धरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्याची चूल त्यावर अवलंबून नाही, त्याने गाभोळीने भरलेला मासा निव्वळ मौजेखातर का मारावा?

आता माझं खरं दुखणं. कातकरी वाडीतला माझा एक जुना विद्यार्थी आहे. मी त्याला बाराखडी शिकवली, त्याने मला गळाला गांडूळ लावायला शिकवलं. आम्ही ज्या डोहावर बसायचो तिथे आता एका फार्महाऊसची भिंत आहे. रखवालदार म्हणतो, "प्रायव्हेट आहे." महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० सांगतं की नदीचं पात्र सरकारच्या मालकीचं. पण भिंतीपुढे कलम कोण वाचून दाखवणार? तो बिचारा अर्धा तास वळसा घालून जातो. आणि 'रिव्हर टच'साठी जास्तीचे पैसे मोजणारे आपण त्या भिंतीचंच भाडं भरत असतो.

"काका, सगळेच तसे नसतात," असं तू म्हणशील. कबूल. म्हणून बुकिंगआधी तीन प्रश्न विचार. घर पुराच्या रेषेच्या वर आहे का? सांडपाणी कुठे जातं? गावची माणसं नदीवर कुठून उतरतात? तिसऱ्या प्रश्नाला मालक अडखळला, तर फोन ठेवून दे.

त्यापेक्षा जानेवारीत ये. गावात, उंचावरच्या एखाद्या साध्या घरात खोली घे. पहाटे पंधरा मिनिटं चाललास तर बिघडणार नाही. वाटेत कोणीतरी भेटेल आणि आज पाणी कसं आहे ते सांगेल. ते कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही.

नाहीतर आमचं घर आहेच. मासा नाही लागला तर काकूचं पिठलं.

असो. मंडळी, तुम्हाला पटतंय का बघा. पुतण्या, तू मात्र फोन कर.